आधी दुखण्याचा दिवस आखा, मग सहलीचा: एंडोमेट्रिओसिस असताना परदेशप्रवास

पंधरा दिवसांच्या सहलीतले दोन दिवस तरी गादीवर जाणार, हे मी तिकीट काढायच्या आधीच धरून चालते. तसं धरायला लागल्यापासून माझ्या सहली सुधारल्या. त्याआधी "या वेळी नाही दुखणार" अशी मनाची समजूत घालून निघायचे आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या बाथरूममध्ये, थंड फरशीवर पोट धरून बसलेली असायचे.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढणं. अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर, कधी छातीच्या पडद्यावरसुद्धा. जगात सुमारे १९ कोटी मुली आणि बायकांना तो आहे, म्हणजे पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला. त्यामुळे "पाळीत सगळ्यांचंच दुखतं" हे वाक्य विमानतळावरही ऐकू आलं तर वाद घालत बसू नका. तयारीत वेळ घाला.

गेल्या नोव्हेंबरात ताई, भाऊजी आणि मी जपानला सोळा दिवस जाऊन आलो. त्या तयारीचा क्रम इथे लिहिते. तुमचा देश दुसरा असेल तर नियम बदलतील, क्रम तोच ठेवता येईल.

तीन-चार महिने आधी: डॉक्टरांशी बोलणं

पहिली गोष्ट, नवीन हार्मोनची गोळी प्रवासाच्या तोंडावर सुरू करू नका. डायनोजेस्ट (या आजारावरची रोजची हार्मोनची गोळी) सुरू केल्यावर पहिले काही महिने मध्येच रक्तस्राव होणं, डाग लागणं अगदी नेहमीचं आहे. तो काळ घरी जाऊ द्या. गोळी बदलायची असेल तर निदान तीन महिने आधी बदला. दर महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं ल्युप्रोलाइडचं, म्हणजे हार्मोन रोखणारं, इंजेक्शन चालू असेल तर पुढची तारीख प्रवासात येते का ते पाहा आणि डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी बसवून घ्या.

दुसरी गोष्ट जरा स्पष्टच सांगते. आपल्याकडे गणपती आले, घरात पूजा आली, सहल ठरली, की केमिस्टकडून "पाळी पुढे ढकलायची गोळी" परस्पर आणली जाते. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते, पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी पुढे ढकलण्याच्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना ती चालत नाही. त्यावर आठ-दहा तास विमानात बसायचं म्हणजे धोक्यात भरच. एंडोमेट्रिओसिसची औषधं आधीच चालू असतील तर ही गोळी मनाने मुळीच घेऊ नका. जावेने दिली, मैत्रिणीला चालली, या कारणांनी तर नाहीच.

तिसरी गोष्ट: पाळीच्या दिवसांत उजव्या खांद्यात दुखणं किंवा धाप लागणं असं कधी झालं असेल तर ते या भेटीत नक्की सांगा. अस्तर छातीच्या पडद्यावर किंवा फुप्फुसाच्या आवरणावर असेल तर पाळीच्या सुमारास फुप्फुसाभोवती हवा साठू शकते. तशी हवा असताना विमानात बसणं धोक्याचं आहे. खांद्याचा पोटाशी काय संबंध, म्हणून बऱ्याच जणी हे बोलतच नाहीत.

नुकतीच लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन, झाली असेल तर विमान कधी चालेल हे सर्जनकडून लिहून घ्या. साध्या लॅपरोस्कोपीनंतर एक-दोन दिवसांनीही परवानगी मिळते, पण आतड्यावर काम झालं असेल तर हिशेब वेगळा. विमान कंपनीचे स्वतःचे नियमही असतात.

कागद: इथे कंजुषी नको

माझी फाइल पुण्यात एका संध्याकाळी तयार झाली. ओपीडी संपत आली होती. डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या आणि औषधांची नावं ब्रँडची लिहिली. मी म्हटलं, "मॅडम, ही नावं तिकडे कुणाला कळणार नाहीत." त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. त्या दुसऱ्या कागदावर जे होतं ते तुमच्या पत्रातही असू द्या: पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, निदान, झालेल्या ऑपरेशनचं वर्ष, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, ताकद आणि दिवसातून किती वेळा, प्रवासाच्या तारखा, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. सगळं इंग्रजीत. सोबत प्रिस्क्रिप्शन आणि केमिस्टचं बिल.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या. सोम-मंगळ लिहिलेल्या डब्यात सुट्या गोळ्या भरणं घरी ठीक आहे, पण कस्टमच्या टेबलावर सुटी पांढरी गोळी म्हणजे प्रश्नांना आमंत्रण. कात्रीने स्ट्रिप कापून नाव आणि एक्स्पायरी उडवायची सवयही प्रवासापुरती सोडा.

आता जपानचे नियम. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची साधी औषधं एका महिन्यापर्यंतची आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांपर्यंतची स्वतःसाठी नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील तर 'युन्यू काकुनिन्शो' नावाचं प्रमाणपत्र तिथल्या आरोग्य मंत्रालयाकडून आधीच ऑनलाइन घ्यावं लागतं. मी सोळा दिवसांची अधिक सात दिवसांची जादा, अशा तेवीस दिवसांच्या गोळ्या नेल्या, त्यामुळे महिन्याच्या आत राहिले. सात दिवस जादा कशाला? विमान रद्द होतं, आजारपण लांबतं. डायनोजेस्टमध्ये खंड पडला की रक्तस्राव सुरू होतो, आणि परक्या गावात तो आवरत बसण्यापेक्षा एक स्ट्रिप जास्त परवडते.

दुखणं जास्त असणाऱ्यांना ट्रामाडॉल, कोडीन, प्रीगॅबॅलिन अशी औषधं दिलेली असतात. इथे प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. संयुक्त अरब अमिरातीत ही तिन्ही नियंत्रित आहेत आणि आधी ऑनलाइन परवानगी काढून मगच न्यायची. दुबईला आपल्याकडून घरोघरची माणसं जातात-येतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. "मावशीने मागवल्या" म्हणून दुसऱ्याच्या गोळ्या तर हातात धरूच नका. २०१७ मध्ये एक ब्रिटिश बाई जोडीदाराच्या पाठदुखीसाठी २९० ट्रामाडॉल गोळ्या घेऊन इजिप्तला उतरली आणि तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. जपानमध्ये कोडीनचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त असलेलं औषध अमली पदार्थात मोडतं.

आणि विजया. पाळीच्या दुखण्यासाठी आपल्याकडे भांगेच्या अर्काची आयुर्वेदिक तेलं आणि गोळ्या कायदेशीर विकल्या जातात. पाकिटावर पानांचं चित्र आणि 'आयुर्वेद' एवढंच दिसतं, म्हणून ती सहज बॅगेत जातात. जपान, सिंगापूर, अमिरात, कुठेही ती नेऊ नका. जपानमध्ये डिसेंबर २०२४ पासून गांजाचं सेवन हासुद्धा गुन्हा आहे.

विमा

पॉलिसी घेताना एंडोमेट्रिओसिस जाहीर करा. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विम्यांत आधीपासूनचा आजार वगळलेला असतो आणि जिवावर बेतलं तरच काही मिळतं. म्हणून नेमका प्रश्न ईमेलने विचारा: "माझ्या चॉकलेट सिस्टमुळे (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) अचानक दाखल व्हावं लागलं तर खर्च मिळेल का?" उत्तर लेखी असू द्या. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचं किमान कव्हर लागतं, पण ती रक्कम दिसली म्हणून तुमचा आजार त्यात आला असं होत नाही.

बॅग

एकदा माझ्या सगळ्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत होत्या आणि बॅग दोन दिवस उशिरा आली. ते दोन दिवस अजून आठवतात. आता सगळी औषधं केबिन बॅगेत, आणि त्यातल्या दोन दिवसांच्या गोळ्या अंगावरच्या छोट्या पर्समध्ये. केबिन बॅगसुद्धा कधीकधी दारातच काढून घेतात, पर्स कुणी घेत नाही.

शेकायचं काय न्यायचं यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडची विजेवर तापणारी जेलची पिशवी जपानला नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्टची आहे, आपली पिशवी २२० ची, ती धड तापतच नाही. साधी रबराची पिशवी न्या, रिकामी. सिक्युरिटीतून रिकामी नेली तर अडचण येत नाही आणि जपानी हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा असतेच. निघायच्या आदल्या रात्री तीत पाणी भरून बूच खाली करून ठेवा, गळते का ते कळेल. टेन्सचं मशिन (विजेच्या सौम्य लहरींनी दुखणं कमी करणारं) असेल तर केबिन बॅगेत, आणि विमानात वापरायच्या आधी कर्मचाऱ्यांना विचारून. पॉवर बँकही केबिनमध्येच.

बाकी यादी छोटी: ओळखीचे रात्रीचे मोठे पॅड, गडद रंगाची जादा पँट, इसबगोल, ओआरएस. आणि मेतकुटाची पुडी, कारण कळा आल्या की मला मऊ भात-मेतकुटाशिवाय काही जात नाही. जपानमध्ये भात कोपऱ्यावरच्या दुकानातही तयार मिळतो. कपड्यांत कमरेला घट्ट काही नको. पोट फुगलं की जीन्सचं बटण शिक्षा वाटते. नाडीची सलवार हा प्रवासातला सर्वांत शहाणा कपडा आहे.

गोळीची वेळ

गोळी कधी घ्यायची हे घरीच कागदावर लिहून घ्या, विमानतळावर डोकं चालत नाही. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. मी घरी रात्री नऊला डायनोजेस्ट घेते. जपानमध्ये रात्री नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच असतात. म्हणून पोचले त्या दिवशी तिथल्या नऊला घेतली, म्हणजे गोळी साडेतीन तास लवकर झाली. लवकर झालेली चालते, उशीर टाळायचा. परतताना उलट: पहिल्या दिवशी इथल्या साडेपाचला घेतली आणि रोज तासभर पुढे सरकवत नऊवर आणली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला फरक साडेनऊ ते साडेदहा तासांचा आहे, पश्चिमेला आणखी जास्त, तिथे डॉक्टरांकडून तक्ताच मागा. गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी किंवा मोठे जुलाब झाले तर दुसरी घ्यावी लागते, जादा स्ट्रिप तिथेही कामी येते. डायनोजेस्टवर असताना पाळी थांबली म्हणून गर्भनिरोधकाचं काम झालं असं धरू नका.

वेदनाशामक गोळीचं तंत्र वेगळं. ती कळ टोकाला जायच्या आधी, पोटात काहीतरी घालून घ्यायची. मेफेनॅमिक ॲसिड चालू असताना त्यावर आयबुप्रोफेन किंवा परदेशी दुकानातली त्याच जातीची दुसरी गोळी घेऊ नका. जपानमध्ये लोक्सोप्रोफेन सहज मिळतं, तेही त्याच कुटुंबातलं.

विमानात

केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, त्यामुळे पोटातला वायू जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत फुगतो. आतड्याला चिकटलेलं अस्तर असेल तर ते ताणलं जातं. म्हणून आदल्या दिवसापासून छोले, राजमा, कोबी, सोडा बंद. विमानातलं शाकाहारी भारतीय जेवण पुष्कळदा छोले-राजम्याचंच असतं. तिकिटावर पचायला हलक्या जेवणाचा पर्याय असेल तर तो आधीच नोंदवा. मी डब्यात दोन तूप-पोळ्या नेते.

सीट पॅसेजवरची, टॉयलेटच्या जवळ. पट्टा ओटीपोटावर घेऊ नका, खाली मांडीच्या मुळाशी हाडांवर घ्या आणि मध्ये ओढणीची घडी ठेवा. चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, इस्ट्रोजेन असलेली गोळी चालू असेल तर आणखी. तासाला एकदा उठा, बसल्या जागी पोटऱ्या हलवा, पाणी प्या. घट्ट मोजे घालायचे का ते डॉक्टरांना विचारा. आणि व्हीलचेअर मागायला लाजू नका. दोन दिवस आधी कंपनीला कळवलं तर ती गेटपर्यंत मिळते. मी परतीच्या वेळी घेतली. रांगेतल्या एका काकूंनी वर-खाली पाहिलं. मी पत्राची फाइल छातीशी धरून बसून राहिले.

तिथे पोचल्यावर: वाईट दिवस आधी बसवा

सहलीचा तक्ता करताना मी देवळांच्या आधी सुट्या भरल्या. उतरल्याचा दुसरा दिवस मोकळा. त्यानंतर दर तीन दिवसांनी एक अर्धा दिवस मोकळा. तिकीट काढून ठेवायच्या गोष्टी फक्त ज्यांचे पैसे परत मिळतात त्याच. एका जागी निदान चार रात्री, कारण बॅगा भरणं आणि उचलणं हेच माझं पोट सर्वांत आधी बिघडवतं.

जपानमध्ये बॅगांचा प्रश्न सुटतो. 'ताक्क्युबिन' म्हणजे सामान पाठवायची सेवा. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली, बहुधा दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात. शिंकानसेन या वेगवान रेल्वेने सव्वादोन तास मी फक्त पर्स आणि औषधांची पिशवी घेऊन बसले. औषधं आणि एका रात्रीचे कपडे मात्र सोबतच.

क्योतोच्या फुशिमी इनारी देवळाचा डोंगर २३३ मीटरचा आहे आणि पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. लाल तोरणांची दाट रांग मात्र पायथ्यापासून थोड्याच चालीवर सुरू होते. मी तेवढंच पाहिलं. ताई-भाऊजी वर गेले, मी खाली बसून गरम चहा प्यायले. अर्धं पाहिल्याची हळहळ मला वाटली नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी चालत होते.

सहाव्या दिवशी कळा आल्या. सोबतच्यांशी एक वाक्य आधीच ठरवून ठेवा. आमचं होतं, "मी आज रूमवर थांबते." हे म्हटल्यावर "थोडं तरी चल ना" नाही, "मग आम्हीही थांबतो" नाही. ताईने किटलीत पाणी भरून ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि ती आराशियामाला गेली. मी गोळी घेतली, पिशवी पोटाशी धरली, अकरापर्यंत झोपले. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून 'काइरो' आणला. हवा लागली की आपोआप तापणारी ही कागदी पुडी असते, हिवाळ्यात सगळीकडे मिळते आणि साधारण बारा तास ऊब देते. चिकटवायची असते ती गंजीच्या बाहेरून, त्वचेवर कधीच नाही, आणि ती लावून झोपायचं नाही. कमी उष्णतेनेही हळूहळू भाजतं. चार वाजता तो ओटीपोटावर घेऊन मी कामो नदीच्या काठावर गेले. बगळा उभा होता. अर्धा तास बसले, परत आले. त्या दिवशी एवढंच झालं आणि तेवढं पुरलं.

गाडीत बसायला जागा लागते, पण आजार दिसत नाही. टोकियोत 'हेल्प मार्क' नावाचा लाल टॅग आहे, पांढरा अधिक आणि हृदयाच्या चिन्हाचा. टोकियो महानगर सरकारने तो २०१२ मध्ये न दिसणाऱ्या आजारांसाठी सुरू केला. तोएई सबवेच्या स्टेशनांवर फुकट मिळतो, आजाराचा पुरावा मागत नाहीत. बॅगेला लावला की प्राधान्याच्या सीटवर बसताना कुणाला काही समजावत बसावं लागत नाही.

चार शब्द कागदावर लिहून ठेवा. एंडोमेट्रिओसिसला 'शिक्यू नाइमाकुशो', पाळीच्या दुखण्याला 'सेइरित्सू', स्त्रीरोग विभागाला 'फुजिन्का'. पॅड घेताना रात्रीचं म्हणजे 'योरुयो'. फोनमध्ये हे शब्द जपानी लिपीतही साठवा, दाखवायला सोपं.

दवाखाना कधी

ओळखीची कळ आणि अनोळखी कळ यातला फरक आपल्याला कळतो. एका बाजूला अचानक असह्य दुखणं आणि सोबत उलटी किंवा चक्कर (सिस्ट फुटणं किंवा अंडाशयाला पीळ पडणं असू शकतं), ताप, सलग दोन तास तासाला एक पॅड भिजणं, धाप किंवा छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, गरोदर असण्याची शंका. यातलं काहीही झालं तर सहल बाजूला ठेवा आणि थेट इमर्जन्सीत जा. जपानमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर ११९, युरोपात ११२, अमेरिकेत ९११. जपानच्या पर्यटन संस्थेची प्रवाशांसाठी चोवीस तासांची इंग्रजी हेल्पलाइनही आहे: ०५०-३८१६-२७८७. ऑपरेशनचा रिपोर्ट आणि शेवटच्या एमआरआयचं पान फोनमध्ये ऑफलाइन असू द्या, आणि बिलाची प्रत्येक पावती विम्यासाठी जपून ठेवा.

परत आल्यावर

एक दिवस कामावर जाऊ नका. त्या दिवशी वहीत लिहा: कोणत्या तारखेला किती दुखलं, काय घेतलं, काय खाल्लं होतं, किती चाललात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते पान दाखवा. उरलेल्या गोळ्यांची एक्स्पायरी पाहा. रबराची पिशवी उलटी टांगून वाळवा आणि पत्राच्या फाइलसोबत त्याच पर्समध्ये परत ठेवा.